बशीखाली पाच गोळ्या

२ सप्टेंबर १९७३, रविवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. ही डायरी माझ्या सुनेने, रुख्मिणीने, एक जानेवारीला माझ्या हातात दिली. "मामाजी, तुम्ही दिवसभर तोंडातल्या तोंडात बोलून राहता, ते यात लिहा, डोकं हलकं होईल," म्हणाली. तेव्हापासून आठ महिने ती कोनाड्यात पडून होती. कधी शाई वाळलेली, कधी चष्मा सापडत नाही, कधी काय लिहावं तेच सुचत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही मिलमध्ये लागल्यावर रात्रशाळेत. चुकलंमाकलं तर वहीने सांभाळून घ्यावं.

आज बसलो कारण आज डोकं खरंच जड झालं आहे.

माझा मुलगा गोविंदा काविळीने गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून इंदोरा वस्तीतल्या या दोन खोल्यांत रुख्मिणी आणि मी. ती होमगार्डमध्ये जाते. आता होमगार्डच्या बायकांतून पोलिसात शिपाई घेणार आहेत. धावणं झालं, कवायत झाली, दोन्हींत ही पहिली. राहिली चांदमारी. थ्री नॉट थ्री रायफलने लेटून पाच गोळ्या मारायच्या, आणि कागदावरची पाचही भोकं एका तारेच्या कड्यात बसली पाहिजेत. ते कडं आमच्या चहाच्या बशीएवढं आहे, रुख्मिणीने मोजून पाहिलं. बसली तर पक्की नोकरी, आणि आधी नाशिकला ट्रेनिंग. नाही बसली तर संपलं, कारण पुढच्या भरतीला तिचं वय बसत नाही.

आज तिने सरावाचा कागद घरी आणला. मी बशी ठेवली, एकच भोक झाकलं. जेवायचं ताट ठेवलं, तीन झाकली. शेवटी कणकेची परात ठेवली तेव्हा पाच झाली.

"परातीएवढा चोर असला तं धरशील तू," मी म्हणालो.

ती हसली. मी गंमत करत नव्हतो.

३ सप्टेंबर, सोमवार

मी पलटणीतला माणूस. दुसऱ्या महायुद्धात कामठीला भरती झालो, चार वर्षं काढली. घरात असा माणूस बसलेला असताना पोरगी परातीने गोळ्या झाकते, याची लाज मला वाटायला नको का? आजपासून शिकवणी सुरू केली. रायफल कुठून आणणार, म्हणून मुसळ घेतलं. वजन थोडं कमी भरतं, म्हणून टोकाला सुतळीने अर्धी वीट बांधली. अंगणात चटई टाकली आणि तिला पोटावर झोपवलं.

"डावा हात कुठं हाय तुया?"

"हा इथं, मुसळाखाली."

"असा काय ठेवला, पाहुण्याच्या पाठीवर ठेवल्यावानी? आवळ. आणखी आवळ. रायफल कोणाची हाय ते तिले समजलं पाहिजे."

"पण मामाजी, उस्ताद म्हणते का डावी बोटं ढिली ठेवा. वजन तळव्यावर येऊ द्या."

"उस्ताद काल जन्मला."

तिने आवळलं. दहा मिनिटांत मनगटाच्या शिरा वर आल्या आणि वीट झुलायला लागली. मी म्हणालो, सवय होईल. पलटणीत आम्हालाही असंच व्हायचं.

५ सप्टेंबर, बुधवार

शेजारचा चंद्रभान, माझ्यासोबत मिलमध्ये होता, कुंपणावरून पाहत होता. "काय गा धोंडबा, सुनेच्या हाती मुसळ देल्लं? आता तुये दिवस भरले!" म्हणाला. सगळी गल्ली हसली. रुख्मिणीसुद्धा चटईवर पडल्या पडल्या हसली, आणि हसताना मुसळ स्थिर होतं. मला राग आला. शिकताना हसू नये.

दाढ दुखते आहे. छपराच्या कोपऱ्यातून पाणी येतं ते वेगळंच.

९ सप्टेंबर, रविवार

चांदमारीवरून आली ती उजवा खांदा धरूनच. निळा-काळा झाला आहे. हळद गरम करून दिली. कागद उघडला. परातसुद्धा पुरली नाही, एक गोळी कागदावरच नाही.

"कुठं गेली?"

"मातीत गेली, मामाजी. उस्ताद लय बोलले. म्हणे, मागच्या रविवारी बरी होती, ही गच्च मूठ कोणं शिकवली?"

"मग काय सांगतलं तू?"

"सांगतलं का भीतीनं होते."

माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? लाजेने? मी काय चोरून शिकवतो? संध्याकाळभर हेच डोक्यात. मूठ पुरेशी आवळली जात नाही, दोष तोच आहे. बायकांच्या मनगटात तेवढी ताकद नसते. उद्यापासून पूर्ण वीट बांधायची.

१२ सप्टेंबर, बुधवार

पूर्ण वीट बांधली. सुतळी तुटली, वीट माझ्या पायावर पडली. अंगठा सुजला. चंद्रभान विचारतो, "शत्रूकडचे किती मेले?"

१६ सप्टेंबर, रविवार

आज मी स्वतः चांदमारीवर गेलो. रुख्मिणीला सांगितलं नव्हतं. सायकल चालवणं आता होत नाही, रिक्षेने गेलो. लाल झेंडा उतरेपर्यंत बाहेर थांबवलं. मग आत गेलो तर उस्ताद म्हणजे चाळिशीचा माणूस, रामाजी नाव, भंडाऱ्याकडचा. मला वाटलं होतं, मिशीवाला, ओरडणारा असेल. हा हळू बोलतो. त्याने आणखी चीड येते.

मी म्हणालो, "या पोरीचा सासरा आहे मी. पलटणीत होतो. तुम्ही तिले हात ढिला ठेवाले सांगता, तिची गोळी मातीत जाते."

तो हसला नाही. म्हणाला, "बसा बाबा." मग रिकामी रायफल आणली, दोनदा उघडून दाखवली, आणि वाळूच्या पोत्यामागे माझ्यासमोर लेटला. "हे पाहा. रायफल धराची नाही, ठेवाची. डावं कोपर सरळ तिच्या पोटाखाली. मग वजन कोणं उचललं? हाडानं. हाड थकत नाही, मास थकते. डावा तळवा उघडा, बोटं नुसती टेकलेली. उजवा हात तेवढा पक्का, आपण कोणाशी हात मिळवतो तेवढा. तो तिले खांद्यात ओढून ठेवते. गाल लाकडावर. श्वास अर्धा सोडला, थांबला, आणि घोडा ओढाचा नाही, दाबत जाचा. कधी उडाली ते आपल्यालेच समजू नाही."

"आणि झटका आला म्हणजे? उघड्या हातातून उडून जाईन ना."

"कुठं जाईन, बाबा? तिच्यामागं खांदा हाय. ज्याले उडून जाईन असं वाटते तोच आवळते. आवळलं का मनगट कापते, मनगट कापलं का नळीचं तोंड कापते. इथं जवभर, तिथं हातभर." मग रायफल माझ्यापुढे केली. "घ्या. दाखवा तुमची पद्धत. तुमची पलटण मोठी, मले पण शिकता येईन."

तीन बायका पाहत होत्या. रुख्मिणी खाली पाहत होती. मी लेटलो. गुडघे बोलले. सत्तावीस वर्षांनी ते लाकूड हातात आलं. तोच वास, तेलाचा. मी आवळलं. नळीच्या टोकावरचा दाणा चांदवर, म्हणजे निशाणाच्या गोलावर, ठेवला, आणि दाणा चांदवर राहीना. पिंपळाच्या पानासारखं हलत होतं सगळं. सकाळपासून उपाशी होतो, शिवाय तो सुजलेला अंगठा. अशाने कोणाचाही हात हलेल.

"रेंजवर नेमबाजीत काय क्लास होता तुमचा?" उस्तादाने विचारलं.

"फर्स्ट," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि मला उठायला हात दिला. परत येताना रुख्मिणी रिक्षेत माझ्याशेजारी बसली. इंदोऱ्याच्या वळणावर म्हणाली, "उन्हात टोपी घालून येत जा."

१९ सप्टेंबर, बुधवार

मी तिच्याशी बोलणं बंद केलं आहे. तिला अजून कळलेलं दिसत नाही, कारण ती बोलतेच आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

ताट. चार ताटाखाली, एक बाहेर. म्हणजे सुधारणा आहे म्हणे. कोणाच्या पद्धतीने, ते विचारलं नाही. घरी मी समोर बसलो की ती आवळते. मी पाणी आणायला उठलो की बोटं उघडते. हे मी दाराच्या फटीतून पाहिलं. दोन गुरूंचा चेला असा अर्धवटच राहणार. तिकडे असं, इकडे तसं. मी तिला म्हणालो, "एकाचं आयक."

"आयकून राहिली ना, मामाजी."

"कोणाचं?"

"ज्याच्यासमोर आहो त्याचं."

या उत्तरावर काय करायचं माणसाने? भांड्यांवर राग काढला, एक पेला चेपला.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पोस्टमन पत्र देऊन गेला. होमगार्डच्या हापिसातलं. रुख्मिणी नवरात्राच्या बंदोबस्ताला गेली होती, म्हणून मीच फोडलं, न जाणो काही तातडीचं असलं तर. शेवटची चांदमारी रविवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी सात वाजता. जी हजर राहणार नाही तिचं नाव कमी होईल. पास झालेल्यांना दिवाळीनंतर नाशिक.

पत्र हरवू नये म्हणून या डायरीत ठेवलं. ती आली तेव्हा फार दमलेली होती. उद्या सांगतो.

३० सप्टेंबर, रविवार

ते पत्र द्यायचं राहूनच जातं आहे. सकाळी लक्षात होतं तेव्हा ती परेडला निघून गेली होती. ती आली तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं.

चंद्रभानला विचारलं, नाशिक किती लांब. "रात्रभर गाडीत बस, सकाळी उतर, तरी आपलाच महाराष्ट्र," म्हणाला. त्याला सगळ्याची गंमत. त्याच्या घरात सात माणसं आहेत. माझा चष्मा कुठे असतो ते मला माहीत नसतं, तिला माहीत असतं. सकाळी दमा उठला तर पाणी गरम कोण करणार, असं मी म्हणत नाही. मी आपलं नाशिकच्या थंडीचं म्हणतो. तिला थंडी सोसत नाही.

सराव झाला. ताट. पाच.

३ ऑक्टोबर, बुधवार

पत्र डायरीतच आहे. तशी ती अजून तयार नाही. ताटावर कोणी पास करत नाही. उगाच सात वाजता जाऊन चार लोकांत नापास व्हायचं, त्यापेक्षा... वाक्य पुरं होत नाही. झोपतो.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

भिवापूरहून माझी मोठी बहीण अंजनाबाई आली, उद्या दीक्षाभूमीवर जायला. सोबत गावची सहा माणसं आणि मिरच्यांचं पोतं. सगळं घर शिंकतं आहे. अंगणातली चटई, मुसळ, वीट पाहून म्हणाली, "हे काय, उखळ कुठं गेलं?" चंद्रभानने कुंपणावरून सगळी हकिकत सांगितली, मुसळापासून माझ्या अंगठ्यापर्यंत. तीन वेळा सांगितली.

६ ऑक्टोबर, शनिवार

आज अक्षर वाईट येईल.

दीक्षाभूमीवरून आम्ही तिसऱ्या प्रहरी परत आलो. रुख्मिणी सकाळच्या बंदोबस्तातून आमच्याआधी आली होती आणि अंगणात चुलीवर मडकं उलटं घालून लांब रोट्या करत होती. ती रोटी तिच्यासारखी आमच्या गल्लीत कोणाला जमत नाही. कणीक इतकी सैल की परातीत ठेवली तर पसरते. ती गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झेलते, झेलता झेलता कणीक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते, लांब होते, ओढणीसारखी पातळ होते, आणि मग तापल्या मडक्यावर जाऊन बसते. अंजनाबाईने एक करून पाहिली आणि तिचं फडकं झालं.

"मुठीत धरू नका, आत्या," रुख्मिणी म्हणाली. "हात उघडा ठेवा. आपण धराची नाही, तिले फक्त खाली पडू द्याची नाही. बोट मिटलं का फाटली."

मी खाटेवर बसून चहा पीत होतो. तिचा डावा हात पाहत होतो. कोपर खाली, तळवा उघडा, बोटं नुसती टेकलेली, आणि ती ओली लांबलचक कणीक त्यावर अशी निवांत की माशीही बसून राहावी. तोच हात. उस्तादाने वाळूच्या पोत्यामागे दाखवला होता तोच. घरात रोज माझ्या ताटात रोटी टाकत होता आणि मी त्याला वीट बांधत होतो.

हे मी कोणाला बोलणार नव्हतो. पण तेवढ्यात अंजनाबाईला उकळी फुटली.

"काय वं रुख्मिणी, हा तुले बंदूक शिकवते? धोंडबा? अवं, हा पलटणीच्या लंगरात सैपाक्यांसंगं कांदे चिरत होता! सुटीवर आला का आई याचे हात हुंगे आणि म्हणे, आलं माह्यं लंगर."

सगळे हसले. भिवापूरचे सहा जण, चंद्रभान, त्याची बायको. कुंपणाचा खांब हसला म्हटलं तरी चालेल. चहा माझ्या धोतरावर सांडला.

रुख्मिणी हसली नाही. तिने मडक्यावरची रोटी उलटली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि म्हणाली, "आत्या, पलटण काय बिन जेवणाची लढते? वाढा, रोटी गार होऊन राहिली."

मी दोन रोट्या खाल्ल्या. चव कळली नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे गेले. आता खरं लिहितो, नाहीतर ही वही ठेवण्यात काय अर्थ.

माझा आजा सरकारी पलटणीत होता. त्यानंतर इंग्रज सरकारने आमच्या लोकांची भरतीच बंद केली. कोणी म्हणालं, तुम्ही लढाऊ जात नाही. बाप जन्मभर एकच बोलायचा, आपल्या हातातलं हत्यार काढून घेतलं रे. दुसऱ्या लढाईत दार पुन्हा उघडलं आणि मी मिल सोडून कामठीला निघालो, तेव्हा म्हातारा रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "धोंड्या, आता देतील ते घट्ट धर. सुटू देऊ नको. एकदा सुटलं तं पुन्हा कोणी देणार नाही."

मी घट्ट धरली. इतकी, की रात्री बोटं सरळ होत नसत. हवालदार ओरडायचा, ढीला करो, ढीला करो. मला वाटायचं, हाही काढूनच घ्यायला बसला आहे. तीन वेळा चांदमारी, तिन्ही वेळा नापास. माझ्यासोबतची पोरं पुढे गेली, मला लंगरवर टाकलं. रायफल जमा करून घेतली. उरलेली सगळी वर्षं कांदे. मिलमध्ये परत आलो तेव्हा सगळे विचारायचे, गोळी कशी मारायची, आणि मी सांगायचो, आवळून. दुसरं मला काही येतच नव्हतं.

हे सगळं दुपारी रुख्मिणीला सांगितलं. ती मिरच्या निवडत होती. डोळ्यांतून पाणी दोघांच्याही, मिरच्यांनी. मी म्हणालो, "उस्तादाचं आयक. माह्या पद्धतीनं माह्यीच एक गोळी कधी चांदात गेली नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग डायरी उघडून ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. "दहा दिवस झाले याले. द्याचं राहून गेलं."

तिने हात पदराला पुसला आणि पत्र घेतलं, पण वाचलं नाही. "मले ठाऊक होतं, मामाजी. मागच्या रविवारी परेडवर तारीख सांगतली. पत्र घरी धाडलं म्हणून बोलले."

"मंग इचारलं काहून नाही?"

"तुम्ही देसान म्हणून थांबली."

"आणि नसतं देल्लं तं?"

"तं चौदा तारखेले सकाळी पाच वाजता उठली असती आणि तुमचं पाणी गरम ठेवून गेली असती."

यावर मी अंगणात गेलो आणि मुसळाची सुतळी सोडली. गाठ मीच बांधली होती. सुटता सुटेना, दातांनी सोडवली. दुखणाऱ्या दाढेनेच.

१० ऑक्टोबर, बुधवार

आता मी शिकवत नाही. समोर बसतो आणि मुसळाच्या टोकावर चिंचोका ठेवतो. तिने घोडा दाबल्यासारखं बोट आवळायचं आणि चिंचोका पडायला नको. ही युक्ती उस्तादाची. पहिल्यांदा सात वेळा पडला. आज वीस वेळांत दोनदा. मी लेटून पाहिलं, माझा पहिल्यालाच पडला. चंद्रभानने करून पाहिलं, त्याच्या मुसळावर चिंचोका ठेवायलाच जमेना, पोट मध्ये येतं. त्याला म्हणालो, "शत्रू हसून मेला." फार दिवसांनी माझी पाळी आली.

१४ ऑक्टोबर, रविवार

मला आत सोडलं नाही. लाल झेंड्याच्या अलीकडे, रस्त्यावर बाभळीखाली उभा राहिलो. टोपी घातली होती. तिची पाळी चौथी. आधीच्या तिघींच्या गोळ्या मोजल्या. मग थोडी शांतता, आणि एक. जरा वेळाने दोन. तीन. चार.

पाचवी येईना.

काय झालं असेल? अडकली? घाबरली? खांदा? मी मिटलेली छत्री अशी धरली होती की तारा बोटांत रुतल्या. इथे कोणी पाहत नव्हतं, तरी मी बोटं उघडली. एकेक करून. छत्री पडली. आणि तेव्हा पाचवी वाजली. माझ्यामुळे वाजली असं मी म्हणत नाही. पण लिहून ठेवतो.

ती बाहेर आली ती कागद घडी करून. चेहऱ्यावरून काही कळेना, पोलीस होण्यासारखीच आहे. घरी येईपर्यंत दाखवलाच नाही. मग कागद पाटावर पसरला आणि स्वतः बशी आणून दिली.

मी ठेवली. चार आत. पाचवं भोक बशीच्या कडेखालून जवभर डोकावत होतं. मी बशी किंचित सरकवली.

"मामाजी, सरकवू नका. उस्तादानं कडं ठेवून पाहिलं. रेघेले लागली तं आतच धरतेत. पास झाली मी."

मी तरी सरकवलीच. मला पाचही झाकलेली पाहायची होती. पाहिली. मग चष्मा पुसायला घेतला तर तो डोळ्यांवर नव्हताच.

"शेवटच्या गोळीले एवढा उशीर काहून केला वं?"

"बोटं मिटून राहिली होती. उस्ताद म्हणते, घाई नाही. रोटीवानी केलं मग."

४ नोव्हेंबर, रविवार

आज रुख्मिणी गेली. स्टेशनवर चंद्रभान ट्रंक घेऊन पुढे, मी मागे. तिला सगळं सांगून झालं होतं, तरी आठवून आठवून सांगत होतो. पाणी उकळून पी. कानाला रुमाल बांध. रायफलीची नळी पुसल्याशिवाय ठेवू नको. तिने मला सांगितलं, चष्मा चुलीजवळच्या खिळ्याला लावायचा, दुसरीकडे कुठेच नाही. चंद्रभानची बायको दोन वेळची भाकर देईल, तिला नाही म्हणायचं नाही.

गाडीने शिट्टी दिली. मी खिडकीची सळई धरून होतो. गाडी हलली, मीही चालायला लागलो.

"मामाजी," ती म्हणाली, "हात."

मी पाहिलं तर पांढरी पडली होती बोटं. उघडली.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

नऊ दिवस झाले. पत्र नाही. पोस्टमनला गल्लीच्या तोंडावरच विचारलं. तो म्हणाला, "बाबा, असलं तं मी काय खाऊन टाकतो?" उद्धट झाला आहे.

चष्मा खिळ्याला आहे. चंद्रभानच्या बायकोची भाकर जाड असते. नाही म्हटलेलं नाही. सकाळी पाणी मी गरम करतो, दोनदा हात भाजला.

१७ नोव्हेंबर, शनिवार

रुख्मिणी, ही वही तू दिली म्हणून यातच लिहितो. तुझा पत्ता तुझ्या पत्रातच येणार होता, म्हणून पोस्टात टाकता येत नाही. तेरा दिवस झाले. पोचलीस का, खांदा कसा आहे, तिथली रायफल जड आहे का, उस्ताद ओरडणारा आहे की हळू बोलणारा, काही कळत नाही. चंद्रभान म्हणतो, कवायतीत वेळ मिळत नसेल. मला ते पटतं, फक्त सकाळी पटत नाही. ती बशी मी अजून चहाला घेतलेली नाही, कागद तिच्याखाली आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मोठं पत्र नको. कार्ड टाक, दोन ओळी, पण लवकर टाक. या वेळी मी ते वहीत ठेवणार नाही.